आकडा कोणाचा: हाताचा की फोनचा?

चपळाई मोजण्याचे खेळ हल्ली मोबाइलवर फुकट मिळतात. पडदा लाल असतो. तो हिरवा झाला रे झाला की त्यावर बोट टेकवायचे. लगेच आकडा येतो: २४१, २१८, १९६. हिरवा रंग उमटल्यापासून बोट टेकेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, ते हा आकडा सांगतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. इशारा मिळाल्यापासून कृती होईपर्यंत जो वेळ जातो, त्याला प्रतिक्रियाकाल म्हणतात. नेमबाजीचे आणि पळापळीचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांत या आकड्यावरून पैजा लागतात. अमरावतीत शिकवणी वर्ग सुटल्यावर, किंवा अकोल्यातल्या एखाद्या पानठेल्यापाशी, "माहा तं एकशे साठ आला!" अशी बढाई सहज कानी पडते. त्यावर कोणी हिशेब मागत नाही. पडद्यावर आकडा आला म्हणजे तो खराच, अशी सर्वांची समजूत असते.

घरात मात्र याच्या उलट बोलले जाते. गेम खेळून मुलांची बुद्धी मंद होते, असे मोठी माणसे ठामपणे सांगतात. पण तीही मोजून सांगत नाहीत.

या वादात मला कोणाचीच बाजू घ्यायची नाही. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि माझी तक्रार दोन्ही पक्षांविरुद्ध एकच आहे. प्रतिक्रियाकाल मोजणे सोपे आहे, पण दोन माणसांच्या प्रतिक्रियाकालांची तुलना करणे अवघड आहे. आपण मात्र मोजमापाची पायरी गाळून थेट तुलनेवर उडी मारतो. हाती आलेला आकडा नेमका कशाचा आहे हे ठरवल्याशिवाय कोणाला चपळ आणि कोणाला मंद म्हणू नये. हे न ठरवल्याने एका माणसाची नोकरी गेल्याची हकीकत विज्ञानाच्या इतिहासात नोंदलेली आहे.

ग्रिनिचचा साहाय्यक

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ग्रिनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते. दुर्बिणीच्या नेत्रिकेत उभे बारीक धागे ताणलेले असत. आकाशातून सरकणारा तारा त्या धाग्याला कोणत्या क्षणी ओलांडतो, ते निरीक्षकाने नोंदवायचे. कानाने घड्याळाचे ठोके मोजायचे, डोळ्याने ताऱ्याची जागा पाहायची आणि सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाज बांधायचा, अशी पद्धत होती. डेव्हिड किनेब्रुक या साहाय्यकाच्या नोंदी मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा उशिराच्या येऊ लागल्या. हा फरक वाढत जाऊन ०.८ सेकंदापर्यंत पोचला. १७९६ मध्ये किनेब्रुकला कामावरून दूर करण्यात आले.

पुढे ही हकीकत क्योनिग्सबर्गचे खगोलशास्त्रज्ञ फ्रिडरिश बेसेल यांच्या वाचनात आली. त्यांना वेगळीच शंका आली. स्वतःच्या आणि इतर नामवंत निरीक्षकांच्या नोंदी त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिल्या. तेव्हा असे दिसले की निष्णात माणसांतही असे फरक असतात आणि काही वेळा ते एका सेकंदाहूनही मोठे असतात. या फरकाला खगोलशास्त्रात 'वैयक्तिक समीकरण' असे नाव पडले.

आता विचार करा. मॅस्केलिन आणि किनेब्रुक यांच्यात ०.८ सेकंदाचा फरक आहे, एवढेच त्या नोंदी सांगत होत्या. त्यांतला कोण बरोबर, हे त्या सांगत नव्हत्या. ताऱ्याने धागा ओलांडल्याचा खरा क्षण सांगणारे तिसरे साधन तेथे नव्हते. फरक दोघांमधला होता. किंमत मात्र एकाने मोजली. कारण तो साहाय्यक होता आणि दुसरा राजज्योतिषी.

हा वेळ जातो कोठे?

१८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले. हा वेग मोजण्यापलीकडचा असावा, असे त्या काळी मानले जाई. प्रत्यक्षात तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. माणसाच्या हाताच्या स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंत तो सेकंदाला ५० ते ६० मीटर असतो. मेंदूपासून बोटापर्यंतचे अंतर मीटरभर धरले, तर या प्रवासाला २० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात.

मग उरलेला वेळ कोठे जातो? डोळ्यात शिरलेल्या प्रकाशाचे संदेशात रूपांतर व्हायला, मेंदूने तो संदेश ओळखायला, हुकूम सुटायला आणि शेवटी स्नायू आकुंचन पावायला. हे सर्व धरून तरुण, निरोगी माणसाचा प्रतिक्रियाकाल प्रकाशाच्या इशाऱ्याला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद असतो. आवाजाच्या इशाऱ्याला तो तीस-चाळीस मिलिसेकंदांनी कमी असतो. कान डोळ्यापेक्षा लवकर खबर देतो. तेव्हा एकाने फोनचा आवाज चालू ठेवला आणि दुसऱ्याने बंद, तर ती तुलना तिथेच बाद झाली.

शिवाय हा झाला 'साधा' प्रतिक्रियाकाल: एकच इशारा, एकच कृती. डच शास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६८ मध्ये दाखवून दिले की इशारे दोन असले आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यायचे असले, तर निवड करण्यात आणखी वेळ जातो. पर्याय जितके अधिक, तितका वेळ अधिक. १९५२ मध्ये ब्रिटिश संशोधक विल्यम हिक यांनी ही वाढ गणिताच्या सूत्रात बसवली. कबड्डीत चढाई करणाऱ्या गड्याला समोरच्या सातांपैकी कोण आणि कोणत्या बाजूने झेपावेल, हे ओळखायचे असते. त्याची चपळाई हिरव्या पडद्यावर बोट टेकवून मोजता येणार नाही. व्हिडिओ गेममध्येही खरी कसोटी या निवडीचीच असते.

अंदाज आणि चपळाई

'एकशे साठ'च्या बढाईत आणखी एक गोम आहे. तो आकडा बहुधा अनेक प्रयत्नांतला सर्वांत लहान असतो. पन्नास वेळा खेळून मित्रांना एकच आकडा दाखवायचा, हे उन्हाळ्यातले एकच थंड दुपार निवडून "अकोल्याची हवा थंड आहे" असे म्हणण्यासारखे आहे. आणि तो लहानात लहान आकडा चपळाईचा असेलच असे नाही. इशारा येण्याआधीच अंदाजाने बोट सोडले आणि अंदाज बरोबर ठरला, तर फार सुंदर आकडा मिळतो.

शर्यतींच्या नियमात याचा विचार केलेला आहे. जागतिक स्पर्धांत धावपटूच्या पायाखालच्या ठोकळ्यांत संवेदक बसवलेले असतात. पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत पाय रेटला गेला, तर ती चुकीची सुरुवात धरतात. इतक्या लवकर आवाज ऐकून पाय हलूच शकत नाही. त्याअर्थी तो अंदाजाने हलला, असे हा नियम मानतो. २०२२ मध्ये अमेरिकेत युजीन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत डेव्हन ॲलन हा धावपटू अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत ०.०९९ सेकंदाच्या नोंदीमुळे बाद झाला. एका मिलिसेकंदाने! यंत्राची स्वतःची अचूकता किती, यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली, आणि ती रास्तच होती.

आपल्या अमरावतीचा आणि बर्लिनचा एक जुना संबंध आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवण्यासाठी बर्लिनला गेले होते. त्याच बर्लिनमध्ये २००९ साली उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत तोडले. त्या शर्यतीत त्याचा प्रतिक्रियाकाल ०.१४६ सेकंद होता. दुसऱ्या आलेल्या टायसन गेचा ०.१४४ सेकंद होता. म्हणजे गे त्याच्या आधी हलला होता. तरी बोल्ट जिंकला. प्रतिक्रियाकाल हा कौशल्याचा एक लहान तुकडा आहे. त्यावरून माणसाची प्रतवारी लावता येत नाही.

फोनचा वाटा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पडद्यावरच्या आकड्यात हाताचा वाटा किती आणि फोनचा किती?

फोनच्या पडद्यावरचे चित्र सलग बदलत नाही. ते ठरावीक वेळाने नवे होते. साध्या फोनवर सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. महागड्या फोनवर सेकंदाला १२० वेळा, म्हणजे दर ८.३ मिलिसेकंदांनी. "हिरवा कर" असा हुकूम आतून सुटला तरी रंग पुढच्या पाळीलाच उमटतो. बोट टेकल्यावरही तसेच. काच स्पर्श तपासते तीही ठरावीक वेळाने. मग तो स्पर्श प्रक्रियकाकडे जातो, तिथे इतर कामांच्या रांगेत थांबतो आणि मग घड्याळ बंद होते. हा सगळा उशीर मिळून पन्नास मिलिसेकंदांच्या घरात किंवा त्याहून अधिकही जाऊ शकतो. तो प्रत्येक फोनचा वेगळा असतो आणि तुमच्या आकड्यात गुपचूप मिसळलेला असतो.

याचा अर्थ असा की जुना, स्वस्त फोन वापरणारा मुलगा हाताने तितकाच चपळ असूनही आकड्यात मागे पडेल. मित्र त्याला मंद म्हणतील आणि काही दिवसांनी तोही तसेच मानू लागेल. किनेब्रुकची गोष्ट येथे पुन्हा घडते. फरक दोन फोनांतला असतो आणि शिक्का मात्र माणसावर बसतो.

हे टाळण्याची युक्ती सोपी आहे: फोनांची अदलाबदल करा. समजा, 'अ'ची वीस प्रयत्नांची सरासरी पहिल्या फोनवर २३० आली आणि 'ब'ची दुसऱ्या फोनवर २६० आली. 'अ' तीस मिलिसेकंदांनी चपळ ठरला. आता फोन बदलले. 'अ'ला दुसऱ्या फोनवर २५५ आणि 'ब'ला पहिल्या फोनवर २३५ मिळाले. नीट पाहा: कोणताही एक फोन घेतला तर 'अ' फक्त पाचने पुढे आहे. आणि फोन बदलला की दोघांचाही आकडा पंचवीसने बदलतो. म्हणजे आधीच्या तीसपैकी पंचवीस मिलिसेकंद फोनचे होते, माणसाचे पाचच.

ते पाच तरी खरे आहेत का? एकाच माणसाचे वीस आकडे पाहिले तर ते सरासरीच्या मागेपुढे पसरलेले असतात. हा पसारा ३० मिलिसेकंद असला, तर वीस प्रयत्नांच्या सरासरीतील अनिश्चितता ३० भागिले वीसचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ७ मिलिसेकंद उरते. सातची अनिश्चितता असताना पाचच्या फरकावरून पैज लावणे म्हणजे नाणेफेकीवर लावणे होय. येथे प्रामाणिक उत्तर एकच: "दोघांत फरक दिसला नाही."

सर्वांना सारखी पडणारी पट्टी

प्रतिक्रियाकाल मोजण्याचे एक साधन असे आहे की जे गरीब-श्रीमंत पाहत नाही आणि कोणत्याही कंपनीचे असले तरी सारखेच चालते. ते म्हणजे पट्टी. ती पडते गुरुत्वाकर्षणाने, आणि गुरुत्वाकर्षण अमरावतीत आणि अकोल्यात व्यवहारात एकच आहे.

मित्राने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. शून्याची खूण खाली असावी. तुम्ही हात टेबलाच्या कडेवर टेकवून अंगठा आणि तर्जनी यांच्यात अडीच-तीन सेंटिमीटर अंतर ठेवून शून्यापाशी तयार राहायचे. मित्राने न सांगता पट्टी सोडायची. तुम्ही ती चिमटीत पकडायची आणि किती सेंटिमीटरवर पकडली ते वाचायचे. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे अंतर गुरुत्वत्वरण गुणिले वेळाचा वर्ग, भागिले दोन, एवढे असते, हे तुम्ही शिकलाच आहात. त्यावरून हा तक्ता मिळतो:

१० सेंटिमीटर: १४३ मिलिसेकंद
१५ सेंटिमीटर: १७५ मिलिसेकंद
२० सेंटिमीटर: २०२ मिलिसेकंद
२५ सेंटिमीटर: २२६ मिलिसेकंद
३० सेंटिमीटर: २४७ मिलिसेकंद
३५ सेंटिमीटर: २६७ मिलिसेकंद
४० सेंटिमीटर: २८६ मिलिसेकंद

वीस सेंटिमीटरच्या आसपास एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे पाच मिलिसेकंद. चार-दोन रुपयांच्या पट्टीने इतका बारीक वेळ वाचता येतो, ही निसर्गाची केवढी कृपा! विरामघड्याळाने हे साधणार नाही, कारण ते सुरू आणि बंद करणाऱ्या हाताचाच प्रतिक्रियाकाल त्यात मिसळतो.

पट्टीलाही काही पथ्ये आहेत. पहिले: कंपासपेटीतली पट्टी घेऊ नका. पंधरा सेंटिमीटरची पट्टी १७५ मिलिसेकंदांत आणि तीसची २४७ मिलिसेकंदांत हातातून निसटते. निसटलेले प्रयत्न वगळले तर फक्त चांगले आकडे उरतात आणि सगळा वर्ग चपळ ठरतो. प्रयोगशाळेतली मीटरपट्टी घ्या. तरीही एखादी निसटलीच तर 'निसटली' अशी नोंद करा. ती खोडू नका. दुसरे: पट्टी धरणाऱ्याची बोटे वहीच्या पुठ्ठ्याआड ठेवा, नाहीतर बोटांची हालचाल पाहून पकडणारा आधीच सावध होतो. तिसरे: पट्टी सोडण्यापूर्वीचा वेळ दर वेळी बदलता ठेवा; कधी दोन सेकंद, कधी पाच. चौथे: सरावाचे पाच प्रयत्न सोडून पुढचे वीस नोंदवा. ते चढत्या क्रमाने लावून दहाव्या आणि अकराव्या आकड्यांच्या मधोमध येणारी किंमत, म्हणजेच मध्यक, काढा. एखाद-दुसरी निसटलेली पट्टी शेवटी ठेवली तरी मध्यकाला धक्का लागत नाही.

खेळणारे आणि न खेळणारे

आता वर्गातील गेम खेळणाऱ्यांचा आणि न खेळणाऱ्यांचा मध्यक काढता येईल. समजा, खेळणारे खरोखर चपळ निघाले. यावरून गेममुळे चपळाई वाढली असे सिद्ध होते का? मुळीच नाही. ज्यांचे हात मुळात चपळ, तेच या खेळांत जिंकतात आणि म्हणून तेच खेळत राहतात, असेही असू शकेल. उंच मुले व्हॉलीबॉल खेळतात. पण व्हॉलीबॉल खेळून ती उंच झाली, असे आपण म्हणत नाही.

याची तड लावायची तर न खेळणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. एका गटाने धावपळीचा गेम खेळायचा, दुसऱ्याने संथ. आणि आधीची व नंतरची मोजमापे ताडून पाहायची. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात शॉन ग्रीन आणि डाफ्ने बॅव्हेलियर यांनी २००३ मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला रोज एक तास याप्रमाणे दहा दिवस युद्धाचा गेम दिला, दुसऱ्याला टेट्रिस. पहिल्या गटाची नजरेने अनेक गोष्टींकडे लक्ष ठेवण्याची क्षमता अधिक सुधारलेली दिसली. २००९ मध्ये बॅव्हेलियर आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून सांगितले की असे गेम खेळणारे न खेळणाऱ्यांपेक्षा सुमारे एक दशांशाने जलद उत्तर देतात आणि तरी चुका जास्त करत नाहीत. नंतर इतर संशोधकांनी यावर आक्षेप घेतले. आपल्याला गेममध्ये तरबेज म्हणून बोलावले आहे हे माहीत असलेला खेळाडू जास्त जोर लावतो. शिवाय परिणाम न दिसलेले प्रयोग प्रसिद्धच होत नाहीत. हा वाद अजून मिटलेला नाही. आणि तो आपल्या ओसरीवर बसून मिटणार नाही, एवढे तरी दोन्ही पक्षांनी मान्य करावे.

एक गोष्ट मात्र वादाची नाही. झोप कमी झाली की प्रतिक्रियाकाल लांबतो, आणि मधूनमधून इशारा चक्क हुकतो. रात्री दोनपर्यंत गेम खेळून चपळाई कमावू पाहणारा सकाळी ती झोपेपायी गमावून बसलेला असतो. प्रयोगाच्या वहीत 'काल किती तास झोपलो' असा एक रकाना जरूर ठेवा. त्यासाठी मुद्दाम जागरण करण्याची गरज नाही.

रस्त्यावर काय होते?

हे सारे आकड्यांचे खेळ आहेत, त्यात एवढे मनाला लावून काय घ्यायचे, असे तुम्ही विचाराल. माझी काळजी रस्त्याची आहे. "आपला हात चपळ आहे, गाडी आवरता येते," असे म्हणणारी मुले मी पाहतो. अठरा वर्षे पुरी होण्याआधी गिअरची मोटारसायकल चालवणे बेकायदा आहेच. पण येथे मी कायद्याऐवजी गणिताने बोलतो.

२०२२ च्या जून महिन्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत सलग तयार झाला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला की वेग आपोआप वाढतो. रस्ते आखणारे अभियंते इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार, धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा वेळ २.५ सेकंद धरतात. २.५ सेकंद! पट्टीवरच्या पाव सेकंदाच्या दहापट. कारण उघड आहे. हिरव्या पडद्याकडे आपण डोळे लावून बसलेले असतो. काय होणार आणि काय करायचे हे आधीच ठरलेले असते. रस्त्यात रोही आडवा येणार आहे, असे कोणी आधी सांगत नाही. तो दिसायला हवा, ओळखायला हवा, ब्रेक दाबायचा की बाजूने काढायचे हे ठरायला हवे.

आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. २.५ सेकंदांत गाडी सुमारे ४२ मीटर जाते. घर्षणगुणांक ०.३६ धरला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी ३९ मीटर. एकूण ८१. ताशी ८० किलोमीटरला हेच आकडे ५६ आणि ७० मीटर होतात, एकूण १२६. वेग एक तृतीयांशाने वाढवला आणि थांबायला ४५ मीटर जास्त लागले. गेम खेळून हात ३० मिलिसेकंदांनी चपळ झाला आहे असे क्षणभर मान्य केले, तरी ८० च्या वेगाला त्याने वाचवलेले अंतर किती? ६७ सेंटिमीटर. पंचेचाळीस मीटर गमावून दीड हात कमावण्याचा हा व्यवहार आहे. आकड्याचा अर्थ न कळता त्यावर विसंबणे किती महाग पडते, ते यावरून दिसेल.

शिक्षकांना विनंती

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत समावेश केला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई खेळांत त्यांना पदके होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली, पण ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. म्हणजे हा विषय आता केवळ रागे भरून संपणारा नाही. मुले त्यात आपले भवितव्य पाहू लागली आहेत.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. विज्ञान प्रदर्शनात 'मोबाइल गेमचे दुष्परिणाम' असा फलक लावून घेऊ नका. त्यात निष्कर्ष आधी ठरलेला असतो आणि प्रयोग नंतर. त्याऐवजी मुलांच्या हाती मीटरपट्टी द्या. अमरावतीतील एका शाळेने आणि अकोल्यातील एका शाळेने मिळून एकच नियमावली ठरवावी: तीच पट्टी, तेच वीस प्रयत्न, तीच दिवसाची वेळ. दोन्ही गावांतल्या मुलांना चढाओढीची हौस आहेच. तिचा येथे उपयोग करून घ्या. आकडे गावाच्या नावाने लिहावेत, मुलांच्या नावाने नकोत. ज्याला भाग घ्यायचा नाही, त्याच्यावर सक्ती नको. आणि नोंदवहीत सर्वांत लहान आकड्याला बक्षीस देण्याऐवजी सर्वांत प्रामाणिक नोंदींना द्यावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या 'एकशे साठ'ची बढाई मारली, तर त्याची थट्टा करू नका. त्याला चार प्रश्न विचारा. किती प्रयत्नांतला हा आकडा? कोणत्या फोनवरचा? त्याच फोनवर दुसऱ्याला किती आला? आणि तू पट्टी कितीवर पकडतोस? हेच चार प्रश्न, थोडे बदलून, "गेममुळे मुले मंद होतात" असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही आदराने विचारता येतील. उत्तरे मिळाली नाहीत तर वाद घालू नका. मीटरपट्टी पुढे करा.